०.०५ म्हणजे कमी नव्हे: स्टेरॉइड क्रीमचा जोर कसा ओळखायचा

चवथीच्या आदल्या आठवड्यात फोंड्यातल्या आमच्या फार्मसीत एक काकी आल्या. पिशवीतून दोन ट्यूबा काढून त्यांनी काउंटरवर शेजारी-शेजारी ठेवल्या. एक त्यांच्या आठ महिन्यांच्या नातवाला डॉक्टरांनी लिहून दिलेली, हायड्रोकॉर्टिसोन १ टक्का. दुसरी शेजारणीकडून आलेली, क्लोबेटासोल प्रोपियोनेट ०.०५ टक्के. काकी म्हणाल्या, "ही एक टक्क्याची बाळाला कडक होईल असं वाटलं, म्हणून तीन दिवस ही कमी टक्क्याची लावली. लाली तर एका रात्रीत गेली. हीच आणखी एक द्या."

शाळेच्या गणिताने काकी बरोबर होत्या. ०.०५ हा १ चा विसावा भाग. पण ही दोन्ही स्टेरॉइडं आहेत, आणि हायड्रोकॉर्टिसोन १ टक्का ही त्यांच्या जोराच्या शिडीची सगळ्यात खालची पायरी आहे आणि क्लोबेटासोल ०.०५ टक्के ही सगळ्यात वरची. क्लोबेटासोलच्या अमेरिकेतल्या माहितीपत्रकात तर बारा वर्षांखालच्या मुलांना ते लावू नये असंच छापलेलं असतं. मी ट्यूब दिली नाही आणि बाळाला त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यायला सांगितलं.

हा घोटाळा मी इतक्यांदा पाहिला आहे, आणि तोही शिकल्यासवरल्या माणसांकडून, की एकदा सगळं सविस्तर लिहून काढायचं ठरवलं. घरात पडलेली ट्यूब किती जोराची आहे, हे कसं ओळखायचं? तो जोर प्रयोगशाळेत मोजतात कसा? आणि तीच ट्यूब तळव्यावर लावली तर एक आणि जांघेत लावली तर दुसरी, असं का होतं? कोणती क्रीम लावायची हे ठरवणं डॉक्टरांचं काम, त्यात मी पडत नाही. पण हातात काय आहे ते प्रत्येकाला वाचता आलं पाहिजे.

पहिली पायरी: टक्का झाका, नाव वाचा

ट्यूबच्या मागे, बहुतेक वेळा दुमडलेल्या टोकाजवळ, बारीक अक्षरात घटक लिहिलेले असतात. खोका टाकून दिला असेल तर मोबाइलने फोटो काढून मोठा करून बघा. टक्क्याच्या आकड्यावर अंगठा ठेवा आणि आधी फक्त नावं वाचा.

आपल्याकडच्या पुष्कळ क्रीममध्ये एकाच ट्यूबेत तीन-चार औषधं असतात: एक बुरशीवरचं, एक जंतूंवरचं आणि मध्येच कुठेतरी स्टेरॉइड. त्यातलं स्टेरॉइड ओळखायला शेपटी बघायची. ‘-सोन’ने संपणारी नावं बहुतेक स्टेरॉइडांची: हायड्रोकॉर्टिसोन, बीटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुटिकासोन, बेक्लोमेथासोन. ‘-नाइड’वाली: डेसोनाइड, फ्लुओसिनोनाइड, आणि ज्यांच्या मागे ‘अ‍ॅसिटोनाइड’ लागतं ती फ्लुओसिनोलोन नि ट्रायॅमसिनोलोन. मग ‘-सोल’वाली: क्लोबेटासोल, हॅलोबेटासोल. इथे कान जरा तिखट ठेवा, कारण ‘-झोल’ने संपणारी क्लोट्रिमॅझोल, मायकोनॅझोल ही बुरशीवरची औषधं आहेत, त्यांचा स्टेरॉइडशी संबंध नाही. काउंटरवर घाईत बोलताना ‘सोल’ आणि ‘झोल’ एकसारखेच ऐकू येतात. आणि नियमाला एक अपवाद: मुरुमांच्या जेलमधलं डॅप्सोन. शेपटी ‘-सोन’ची, पण ते स्टेरॉइड नाही.

खोक्यावर उभी लाल रेघ असेल तर ते चिठ्ठीशिवाय विकायचं औषध नव्हे. २०१८ साली केंद्र सरकारने चौदा स्टेरॉइडं त्वचेवर लावण्याच्या रूपातही शेड्यूल एचमध्ये, म्हणजे चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या यादीत, घातली, त्याआधी बाह्य वापराला सवलत होती. घरात जुन्या ट्यूबा सापडतात त्या त्या सवलतीच्या काळातल्या सवयीमुळे. एकाला बरं वाटलं की तीच ट्यूब वाड्यावर फिरते.

दुसरी पायरी: आडनावसुद्धा वाचा

स्टेरॉइडचं नाव कळलं म्हणजे अर्धं काम झालं. त्याला पुढे जोडलेला शब्द, म्हणजे प्रोपियोनेट, व्हॅलरेट, डायप्रोपियोनेट, ब्युटिरेट, हा रेणूला लावलेला जोड असतो. त्या जोडामुळे औषध त्वचेच्या तेलकट थरातून किती सहज उतरेल ते बदलतं. साधं हायड्रोकॉर्टिसोन तळाच्या पायरीवर. हायड्रोकॉर्टिसोन ब्युटिरेट ०.१ टक्का मात्र मधल्या पायरीवर जाऊन बसतं, तेही टक्का एक-दशांश असताना. बीटामेथासोन व्हॅलरेट आणि बीटामेथासोन डायप्रोपियोनेट हेही एक नव्हेत. डायप्रोपियोनेट ०.०५ टक्के, व्हॅलरेट ०.१ टक्का, आणि जोर डायप्रोपियोनेटचा जास्त.

माझ्या मते सगळ्यात घातक जोडी ही: क्लोबेटासोल प्रोपियोनेट ०.०५ टक्के आणि क्लोबेटासोन ब्युटिरेट ०.०५ टक्के. टक्का तोच, नावात एका अक्षराचा फरक. पहिलं अतितीव्र, दुसरं मध्यम. घाईत लिहिलेल्या चिठ्ठीवर तो ‘ल’ आहे की ‘न’, हे वाचता आलं नाही तर मी डॉक्टरांना फोन करतो. गिऱ्हाईक वैतागतं, वैतागू दे.

आणखी एक बारीक गोष्ट. बीटामेथासोन व्हॅलरेटच्या काही ट्यूबांवर ०.१२ टक्के लिहिलेलं असतं, काहींवर ०.१. पहिला आकडा जोडासकट वजनाचा आहे, दुसरा नुसत्या बीटामेथासोनचा. माल तोच. ‘०.१२ वाली जास्त पॉवरची द्या’ असं म्हणणाऱ्यांना हे सांगितलं की ते माझ्याकडे संशयाने बघतात.

प्रयोगशाळेत जोर मोजतात कसा

आता प्रश्न असा की टक्का खोटा पडत असेल तर खालची-वरची पायरी ठरवली कोणी?

१९५२ साली सल्झबर्गर आणि विटन या अमेरिकन त्वचातज्ज्ञांनी हायड्रोकॉर्टिसोन त्वचेवर लावून इसबाला गुण येतो असं दाखवलं. पुढच्या दहा वर्षांत कंपन्यांनी नवनवे रेणू काढले. प्रत्येक रेणू शेकडो रुग्णांवर महिनोन्‌महिने लावून बघणं परवडणारं नव्हतं. १९६२ साली मॅकेन्झी आणि स्टोटन यांनी एक साधी युक्ती वापरली. स्टेरॉइडमुळे त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून लावलेली जागा फिकी पडते. मग तो फिकेपणाच मोजायचा. त्यांनी स्टेरॉइडं अल्कोहोलमध्ये विरघळवून, उत्तरोत्तर पातळ करत नेऊन निरोगी माणसांच्या हातावर लावली, वर प्लास्टिक बांधून रात्रभर ठेवली आणि सकाळी कुठल्या जागा पांढुरक्या झाल्या ते मोजलं. जे स्टेरॉइड अगदी पातळ करूनही त्वचा फिकी पाडतं ते जास्त जोराचं.

पणजीत बी.फार्म. करत असताना एका प्रात्यक्षिकाला मी स्वतःचा हात दिला होता. कोपरापासून मनगटापर्यंत आतल्या बाजूला मार्करने चार गोल काढले, रुपयाच्या नाण्यापेक्षा लहान. एकात काही नाही, एकात नुसता मलमाचा आधार, म्हणजे औषध न घातलेलं मलम, दोहोंत दोन वेगळी स्टेरॉइडं. कुठल्या गोलात काय ते मला ठाऊक नव्हतं, वाचणाऱ्या मुलीलाही नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी कदंबाच्या बसमध्ये खिडकीजवळ बसून हात तिरपा धरला तेव्हा एक गोल स्पष्ट दिसला, एक असेल-नसेल असा. प्रयोगशाळेत समोरून पाहिलं तर दोन्ही गायब. माझा रंग सावळा, आणि सावळ्या कातडीवर हा फिकेपणा डोळ्यांनी पकडणं कठीण जातं. शेजारच्या गोऱ्या मुलाच्या हातावर चारही गोलांतला फरक दारातूनसुद्धा सांगता आला असता.

म्हणूनच आता नुसत्या डोळ्यांवर विसंबत नाहीत. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९५ साली या चाचणीची जी पद्धत घालून दिली, तिचा गाभा असा आहे.

निरोगी माणसं घ्यायची. आधी तपासायचं की त्यांची त्वचा मुळात फिकी पडते का, कारण काहींची पडतच नाही. हाताच्या आतल्या बाजूला, मनगट आणि कोपराची घडी सोडून, सारख्या आकाराचे गोल आखायचे. प्रत्येकात मोजून काही मिलिग्रॅम क्रीम. काही गोल मुद्दाम रिकामे.

मग खरी गंमत: सगळ्या गोलांत क्रीम तीच, मात्रा तीच, बदलतो तो वेळ. एका गोलातली क्रीम पंधरा मिनिटांनी पुसायची, दुसऱ्यातली अर्ध्या तासाने, असं करत सहा तासांपर्यंत. जास्त वेळ म्हणजे जास्त औषध आत, म्हणजे वेळ हाच डोस.

पुसल्यानंतर चोवीस तासांपर्यंत ठरावीक अंतराने रंग वाचायचा. त्यासाठी क्रोमामीटर नावाचं यंत्र त्वचेवर टेकवतात. ते रंगाचे तीन आकडे देतं. त्यातला लाल-हिरव्याचा आकडा इथे कामाचा, कारण रक्त कमी झालं की लाली उतरते. मिळालेल्या आकड्यातून त्याच जागेचा सुरुवातीचा रंग वजा करायचा आणि रिकाम्या गोलाचाही, नाहीतर खोलीतला गारठा किंवा दुपारचं जेवणसुद्धा औषधाच्या खात्यावर जमा होईल. चोवीस तासांचा आलेख काढून त्याच्या रेषेखालचं क्षेत्रफळ मोजलं की तो त्या गोलाचा एकूण फिकेपणा.

शेवटी बघायचं, की जास्तीत जास्त जितका फिकेपणा येऊ शकतो त्याच्या निम्म्यावर पोचायला किती वेळ लागला. खऱ्या तुलनेसाठी त्या वेळेच्या निमपट आणि दुप्पट असे दोन डोस त्याच माणसावर लावतात. मोठ्या डोसचा परिणाम लहान डोसच्या किमान सव्वापट दिसला नाही, तर त्या माणसाचे आकडे हिशेबात धरत नाहीत. ज्याच्या हाताला लहान-मोठं कळत नाही, तो हात तराजू म्हणून कामाचा नाही. दोन कंपन्यांची एकच क्रीम खरोखर सारखी आहे का, हे ठरवायला आजही हीच चाचणी वापरतात.

मला ही पद्धत आवडते, कारण औषधाचं मोजमाप शेवटी माणसाच्या कातडीवरच होतं. पण तिची मर्यादाही तिथेच आहे. हात निरोगी, कातडी अभंग, क्रीम एकदाच लावलेली. इसबाने चिरलेल्या त्वचेतून औषध कितीतरी जास्त आत जातं, आणि रोज लावत राहिलं तर त्वचा त्याला सरावते. १९७५ साली स्टोटन आणि त्यांच्या सहकाऱ्याने याच फिकेपणाच्या चाचणीने दाखवलं, की लागोपाठ लावत गेलं की तेच स्टेरॉइड काही दिवसांतच आधीसारखं त्वचा फिकी पाडेनासं होतं. ‘आता ती क्रीम लागू पडत नाही, वरची द्या’ ही काउंटरवरची तक्रार तिथून येते.

घरी ही चाचणी करून बघू नका. एक जण मला विचारत होता, की ‘आयुर्वेदिक’ म्हणून घेतलेल्या बिनलेबलच्या डबीत स्टेरॉइड आहे का ते हातावर लावून कळेल का. नाही कळणार. फिकेपणा दिसला नाही म्हणजे स्टेरॉइड नाही असं होत नाही, माझ्याच हाताने मला ते शिकवलं. लेबल नाही तर लावायची नाही.

तिसरी पायरी: शिडीवर जागा शोधा

या चाचण्या आणि रुग्णांवरचा अनुभव मिळून दोन शिड्या तयार झाल्या. अमेरिकन शिडीला सात पायऱ्या, पहिली सर्वांत जोराची. ब्रिटिश शिडीला चार: सौम्य, मध्यम, तीव्र, अतितीव्र.

अमेरिकन पहिल्या पायरीवर क्लोबेटासोल आणि हॅलोबेटासोल, दोन्ही ०.०५ टक्के. दुसऱ्या-तिसरीवर फ्लुओसिनोनाइड ०.०५, बीटामेथासोन डायप्रोपियोनेटचं मलम. चौथ्या-पाचवीवर मोमेटासोन ०.१ ची क्रीम, ट्रायॅमसिनोलोन ०.१, फ्लुटिकासोन ०.०५ ची क्रीम, बीटामेथासोन व्हॅलरेटची क्रीम. सहावीवर डेसोनाइड ०.०५ आणि फ्लुओसिनोलोन ०.०१. सातवीवर हायड्रोकॉर्टिसोन, ते १ टक्का असो की २.५, पायरी तीच.

गोंधळ होतो तो इथे: मोमेटासोन क्रीम अमेरिकन शिडीत मधोमध, ‘मध्यम’, ब्रिटिश शिडीत तीच ‘तीव्र’. बीटामेथासोन व्हॅलरेट ०.१ आणि फ्लुटिकासोनचंही तसंच. बुरशीच्या औषधाबरोबर आपल्याकडे मिळणारं बेक्लोमेथासोन ०.०२५ टक्केसुद्धा ब्रिटिश शिडीत ‘तीव्र’मध्ये मोडतं, आकडा बघून कोणाला वाटणार नाही. इंटरनेटवर एका ठिकाणी मध्यम आणि दुसऱ्या ठिकाणी तीव्र वाचलं तर दोन्ही खरं असू शकतं. शिडी कुठली ते बघा. घरच्या वापराला मी ब्रिटिश चार पायऱ्याच सांगतो. पायऱ्या कमी, आणि ‘तीव्र’ हा शब्द ऐकून माणूस हात आखडता घेतो, ते बरंच.

चौथी पायरी: क्रीम, मलम की लोशन

तेच स्टेरॉइड, तोच टक्का, पण आधार बदलला की पायरी बदलते. मोमेटासोन ०.१ चं मलम अमेरिकन शिडीत दुसऱ्या पायरीवर, क्रीम चौथ्या. बीटामेथासोन व्हॅलरेट ०.१ चं मलम तिसऱ्या, क्रीम पाचव्या. तेलकट मलम त्वचेवर बसून राहतं, पाणी उडू देत नाही, त्वचा फुगते आणि औषध आत शिरतं. लोशन सगळ्यात हलकं, पण डोक्याच्या केसांत तेच कामाचं. नावापुढे ‘एस’ असेल तर बहुधा सॅलिसिलिक अ‍ॅसिड आहे. ते खवले सोडवतं आणि औषधाला वाट करून देतं. चिठ्ठीवर क्रीम लिहिली असताना दुकानात मलम शिल्लक आहे म्हणून ते घेऊ नका. ‘एकच हो’ असं सांगणारा दुकानदार चुकतो.

पाचवी पायरी: कुठे लावणार?

सगळ्या लेखात एकच भाग वाचायला वेळ असेल तर हा वाचा.

१९६७ साली फेल्डमन आणि मायबाख यांनी किरणोत्सारी खूण केलेलं हायड्रोकॉर्टिसोन शरीरावर वेगवेगळ्या ठिकाणी लावलं आणि लघवीतून किती बाहेर येतं ते मोजलं. हाताच्या आतल्या बाजूचं शोषण १ धरलं तर तळपायाचं ०.१४, तळहाताचं ०.८३, पाठीचं १.७, डोक्याच्या कातडीचं ३.५, काखेचं ३.६, कपाळाचं ६, जबड्याच्या कोपऱ्याचं १३ आणि वृषणाच्या पिशवीचं ४२.

पुन्हा वाचा, बेचाळीस. पायाचा तळवा आणि वृषणाची त्वचा यांत तीनशे पटींचा फरक. एकाच ट्यूबेतली एकच क्रीम.

गोव्यातली दोन माणसं डोळ्यांसमोर आणतो. एक काजूच्या कारखान्यात बिया फोडणारी बाई. काजूच्या टरफलातलं तेल कातडी भाजतं, तळवे काळे पडतात, जाड होतात, सोलतात. तिच्या तळव्यावर सौम्य स्टेरॉइडने काहीच होत नाही. त्वचेचे डॉक्टर तिथे बिनदिक्कत अतितीव्र मलम लिहितात, आणि ते बरोबर असतं. दुसरा पावसाळ्यात दिवसभर दुचाकीवर भिजून फिरणारा पोरगा. जांघेत गजकर्ण, खाजेने हैराण. तो फार्मसीत येऊन ‘खाजेची क्रीम’ मागतो, आणि त्याला जी मिळते तिच्यात बुरशीच्या औषधाबरोबर बरेचदा क्लोबेटासोल असतं. म्हणजे शिडीची वरची पायरी, शरीराच्या सगळ्यात पातळ, शोषून घेणाऱ्या जागेजवळ, आणि तीही ज्या रोगात स्टेरॉइड नकोच त्यावर. स्टेरॉइडने खाज दबते, पोराला दोन दिवसांत बरं वाटतं, बुरशी मात्र मोकाट पसरते. गजकर्णाची ओळखीची गोल कडाही पुसली जाते, मग डॉक्टरांनाही ओळखू येत नाही. १९६८ पासून या प्रकाराला वेगळं नाव आहे, टिनिया इन्कॉग्निटो, म्हणजे वेषांतर केलेला नायटा. जून ते सप्टेंबर आमच्या काउंटरवर हे वेषांतर रोज येतं.

चेहऱ्याचंही तसंच. वांगावरच्या तीन औषधांच्या मिश्रणात हायड्रोक्विनोन, ट्रेटिनोइन आणि बरेचदा मोमेटासोन असतं. डॉक्टर ते ठरावीक आठवडे देतात. लोक ते गोरं करणारी क्रीम म्हणून वर्षभर लावतात, लग्नसराई आणि चवथीच्या आधी तर जास्तच. मग चेहरा लाल, कातडी पातळ, बारीक शिरा, पुटकुळ्या, आणि क्रीम थांबवली की आग. अशी कोणी असेल तर आपल्या मनाने एकदम बंदही करू नका. बांबोळीला गोमेकॉच्या, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या, त्वचा विभागात किंवा जवळच्या त्वचातज्ज्ञाकडे ट्यूब घेऊन जा.

सहावी पायरी: वर काय झाकलंय?

मॅकेन्झी-स्टोटननी प्लास्टिक बांधलं ते उगाच नाही. झाकल्याने शोषण अनेक पटींनी वाढतं. १९६३ साली व्हिकर्स यांना दिसलं, की झाकून लावलेलं स्टेरॉइड त्वचेच्या वरच्या मेलेल्या थरात साठून राहतं. काही दिवसांनी, नवी क्रीम न लावता, नुसतं प्लास्टिक पुन्हा बांधलं तरी जागा परत फिकी पडते.

बाळाचा डायपर हे प्लास्टिकच आहे. गमबूट, रेनकोटच्या आतली घामेजलेली कातडी, जाड माणसाच्या पोटाची घडी, हीही तशीच. काकींच्या नातवाची लाली डायपरखाली होती.

सातवी पायरी: बोटाने मापून घ्या

शिडी कळली, जागा कळली, आता किती लावायचं. ‘थोडंसं’ हे माप नव्हे. १९९१ साली कार्डिफच्या लाँग आणि फिन्ले यांनी बोटाच्या पेराचं माप रूढ केलं. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या घडीपर्यंत क्रीमची एक ओळ. ट्यूबचं तोंड ५ मिलिमीटर असेल तर ती पुरुषाच्या बोटावर साधारण अर्धा ग्रॅम भरते, बाईच्या बोटावर ०.४ ग्रॅम. एवढ्यात बोटांसकट दोन तळव्यांएवढी जागा भागते.

मोठ्या माणसाला एका वेळी लागतात ती पेरं अशी: चेहरा आणि मान अडीच, एक हात तीन, हाताचा पंजा दोन्ही बाजूंनी एक, एक पाय सहा, पाऊल दोन, छाती-पोट सात, पाठ सात. लहान मुलांचं अंग वजनाच्या मानाने मोठं, म्हणून त्यांना पेरं कमी लागतात तरी शरीरात जाणारा वाटा जास्त असतो. वर्ष-दोन वर्षांच्या मुलाला एक हात पंज्यासकट दीड पेर पुरतं, मोठ्या माणसाच्या बोटाने मोजलेलं.

आपल्या बऱ्याच ट्यूबांचं तोंड बारीक असतं, हे कोणी सांगत नाही. मी एकदा दुकानातल्या काट्यावर बटर पेपर ठेवून एकाच ट्यूबच्या दहा ओळी ओढल्या, वजन केलं आणि दहाने भागलं. ओळ अर्ध्या ग्रॅमपेक्षा बरीच हलकी निघाली. तुम्हीही पट्टीने तोंड मोजा. पाचऐवजी तीन मिलिमीटर असेल तर एक ओळ एक पेर धरू नका.

आता ट्यूबचा हिशेब मांडा. एक हात आणि पंजा, चार पेरं, दोन ग्रॅम. दिवसातून एकदा लावलं तर १५ ग्रॅमची ट्यूब आठवडाभर. तळव्याएवढा एकच चट्टा असेल तर अर्धं पेर, पाव ग्रॅम, आणि तीच ट्यूब दोन महिने. म्हणून कोणी दुसरी ट्यूब मागायला आलं की मी विचारतो, पहिली कधी नेली होती आणि चट्टा केवढा? तळव्याएवढ्या चट्ट्याला दहा दिवसांत ट्यूब संपली असेल, तर चट्टा तरी पसरला आहे, नाहीतर ट्यूब घरात आणखी कोणी वापरतंय.

आठवी पायरी: दिवस मोजा

क्लोबेटासोलच्या माहितीपत्रकाची मर्यादा स्पष्ट आहे: सलग दोन आठवड्यांपेक्षा जास्त नाही, आठवड्याला ५० ग्रॅमपेक्षा जास्त नाही. त्याच पत्रकात असंही म्हटलं आहे, की दिवसाला २ ग्रॅम इतक्या कमी मात्रेनेही शरीरातल्या नैसर्गिक स्टेरॉइडची निर्मिती दबलेली आढळली आहे. दोन ग्रॅम म्हणजे आत्ताच मोजलेली चार पेरं, एक हात आणि त्याचा पंजा. क्रीम कातडीवरच राहते हा समज इथे संपतो.

खालच्या पायऱ्यांना मुदत लांब मिळते, पण ती डॉक्टर ठरवतात. तुम्ही एवढं करा: ट्यूब फोडली त्या दिवशी तिच्यावर मार्करने तारीख, कोणासाठी आणि शरीराचा कुठला भाग हे लिहा. पायरीही लिहा, ‘अतितीव्र’ किंवा ‘सौम्य’, मराठीत, घरातल्या सगळ्यांना वाचता येईल असं. डॉक्टरांकडे जाताना ट्यूब सोबत न्या, अगदी पिळून संपलेलीसुद्धा. ‘पांढरी क्रीम, निळी ट्यूब’ या वर्णनाच्या निदान डझनभर ट्यूबा माझ्याच कपाटात आहेत.

काकी पंधरा दिवसांनी पुन्हा आल्या. बाळ बरं होतं; डॉक्टरांनी हायड्रोकॉर्टिसोनच थोडे दिवस, पातळ थराने, आणि डायपर मोकळा ठेवायला सांगितला होता. क्लोबेटासोलची ट्यूब मात्र त्यांनी शेजारणीला परत केली नव्हती. ती माझ्यापुढे ठेवून म्हणाल्या, "ही तुमच्याकडेच असू दे." ती अजून ड्रॉवरमध्ये आहे. दुकानात नवा मुलगा शिकायला आला की पहिल्या दिवशी तिच्यासोबत हायड्रोकॉर्टिसोनची ट्यूब काढून ठेवतो आणि विचारतो, यातली कडक कुठली?